केमो चालू आहे, पण कोणती?

सुरतेच्या कुठल्याही कॅन्सर रुग्णालयातल्या डे-केअर वॉर्डात सलाईनच्या बाटल्यांवर चिकटवलेल्या पट्ट्या वाचत गेलं, तर 'पॅक्लिटॅक्सेल' हे नाव हमखास सापडतं. स्तनाच्या, अंडाशयाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी हे औषध शिरेतून थेंबाथेंबानं दिलं जातं. ज्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ते शोधलं, त्यांतले एक डॉ. मनसुख वाणी. त्यांचा जन्म 20 फेब्रुवारी 1925 रोजी नंदुरबारला झाला. उधन्याहून जळगावकडे निघालेली गाडी दोंडाईचा, अमळनेर गाठण्याआधी ज्या स्टेशनात थांबते, तेच हे नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राचं शिक्षण घेऊन वाणी अमेरिकेला गेले, 1962 मध्ये इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत कामाला लागले.

याच रेल्वेमार्गानं खानदेशातली हजारो कुटुंबं सुरतेत आली आणि लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा भागांत स्थिरावली. कुणी मागावर, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी साडीच्या मार्केटात. अशा एखाद्या घरात कॅन्सर आला की नातेवाइकांना, शेजाऱ्यांना आणि गावाकडे फोनवर एकच वाक्य सांगितलं जातं: "केमो चालू आहे." हे वाक्य अपुरं आहे, आणि त्या अपुरेपणानं रुग्णाचं नुकसान होतं. केमो हे एका औषधाचं नाव नाही. त्यात अनेक औषधं येतात. प्रत्येकाची पेशी मारण्याची रीत वेगळी, शरीराला होणारी इजा वेगळी आणि धोक्याची खूणही वेगळी. आपल्या माणसाला नेमकं कोणतं औषध दिलं जातंय आणि ते काय करतं, एवढं ज्या घराला ठाऊक असतं, ते घर रात्री दोन वाजता योग्य निर्णय घेऊ शकतं.

सुरुवात पेशीपासून करावी लागेल. शरीरातली पेशी वाढते, आपल्या डीएनएची नक्कल करते आणि दोन भागांत विभागते. गरज संपली की हे विभाजन थांबतं. कॅन्सरच्या पेशीत हा लगाम सुटलेला असतो. केमोची बहुतेक औषधं विभागणाऱ्या पेशीवर घाव घालतात. कुणी डीएनए तोडतं, कुणी नक्कल करायला लागणारा कच्चा माल अडवतं, कुणी ऐन विभाजनाच्या वेळी पेशीला जागीच खिळवतं. मात्र शरीरात काही निरोगी पेशीही सतत विभागत असतात. अस्थिमज्जेत रक्त तयार करणाऱ्या, केसांच्या मुळातल्या, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या. म्हणूनच केमोत काउंट उतरतात, केस गळतात, तोंड येतं, जुलाब होतात. मेंदूच्या आणि स्नायूंच्या पेशी फारशा विभागत नाहीत, त्यामुळे त्या या घावातून बऱ्याच अंशी वाचतात.

पॅक्लिटॅक्सेलची रीत मात्र शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं कळली नव्हती. 1962 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली. त्या सालीच्या अर्कात कॅन्सरविरोधी गुण दिसला आणि वॉल-वाणी यांनी त्यातलं नेमकं द्रव्य वेगळं काढलं. 1971 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली. पुढे 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवून दिलं की हे द्रव्य पेशीतल्या सूक्ष्म नलिकांना धरून ठेवतं. विभाजनाच्या वेळी या नलिकांचे धागे गुणसूत्रांना धरतात आणि आखडत आखडत दोन टोकांना ओढतात. पॅक्लिटॅक्सेल त्या धाग्यांना आखडूच देत नाही. मागावर ताणा जाम झाला की कापड इंचभरही पुढे सरकत नाही, तसं विभाजन अर्ध्यावर अडकतं आणि पेशी मरते. 1992 च्या अखेरीस अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. सालीसाठी झाडंच्या झाडं मारावी लागत होती. यू वृक्षाच्या सुईसारख्या पानांतल्या एका द्रव्यापासून औषध बनवायची रीत सापडल्यावर ती अडचण दूर झाली.

रुग्णाच्या घरानं या गोष्टीतून काय घ्यायचं? असेच नलिकांचे धागे हातापायांच्या लांबलचक मज्जातंतूंतही असतात. पॅक्लिटॅक्सेल सुरू असताना बोटांना मुंग्या येणं, तळपाय बधिर होणं, शर्टाचं बटण लावता न येणं ही अशक्तपणाची लक्षणं समजून सोडून देऊ नयेत. ही मज्जातंतूंची तक्रार आहे आणि डॉक्टर त्यावरून डोस कमी करू शकतात, औषध बदलूही शकतात. मागावर किंवा शिलाई मशीनवर बोटांनी काम करणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट उपजीविकेची आहे. ती पहिल्याच तक्रारीला सांगावी. या औषधानं सलाईन सुरू होताच अ‍ॅलर्जीही येऊ शकते. ती टाळण्यासाठी आधी स्टिरॉइड आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं देतात. आदल्या रात्रीसाठी गोळ्या लिहून दिल्या असतील तर त्या चुकवू नयेत. पहिल्या काही मिनिटांत छाती भरून आली, चेहरा लाल झाला, कंबर दुखली, तर तिथल्या तिथे नर्सला हाक मारावी.

दुसरी गोष्ट मुंबईच्या कापड गिरण्यांतून सुरू होते, आणि ती सुरतेतल्या वाचकांना जवळची वाटावी. 1928 मध्ये ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीकामगार गरोदर बायकांना होणारा एक विचित्र रक्तक्षय त्यांना अभ्यासायचा होता. लोह देऊन तो बरा होत नव्हता. यीस्टचा अर्क असलेलं मार्माइट दिल्यावर बरा झाला, आणि 1931 मध्ये त्यांनी तसं प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं जीवनसत्त्व म्हणजे आज गरोदर बाईला दिलं जाणारं फॉलिक अ‍ॅसिड. नवी रक्तपेशी बनवायला, म्हणजे डीएनए घडवायला, ते लागतं.

पुढे बोस्टनमध्ये मुलांच्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट सिडनी फार्बर यांच्या लक्षात आलं की रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिडसारखी द्रव्यं दिली की रोग उलट फोफावतो. मग त्याच जीवनसत्त्वासारखं दिसणारं, पण पेशीची फसगत करणारं द्रव्य दिलं तर? आंध्रातल्या भीमवरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या लेडर्ली प्रयोगशाळेतल्या गटानं अशी द्रव्यं तयार केली होती. 1948 मध्ये फार्बर यांनी 16 मुलांवरचा अनुभव मांडला. अमिनोप्टेरिननं 10 मुलांचा आजार काही काळ मागे हटला होता. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही जगभर वापरात आहे. त्या मुलांचा आजार काही महिन्यांत परतला, ही त्या विजयाची दुसरी बाजू. एकच औषध पुरत नाही हा धडा तिथून मिळाला. पुढच्या दशकांत वेगवेगळ्या रीतीची औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात चांगल्या केंद्रांमध्ये आज दहांतली नऊच्या आसपास मुलं बरी होतात.

मेथोट्रेक्सेटवरच्या रुग्णासाठी यातून दोन कामाच्या गोष्टी निघतात. पहिली, 'रक्त वाढायच्या' म्हणून मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांत फॉलिक अ‍ॅसिड असतं. त्या डॉक्टरांना न विचारता सुरू करू नयेत. मोठ्या डोसनंतर निरोगी पेशी वाचवायला याच कुळातलं ल्युकोव्होरिन ठरावीक वेळी देतात, तेही डॉक्टरांच्याच हिशेबानं. दुसरी गोष्ट जिवावर बेतू शकते. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या अनेकदा आठवड्यातून एकदाच घ्यायच्या असतात. घरात कुणी चुकून त्या रोज दिल्या तर तोंड सोलून निघतं, अस्थिमज्जा कोलमडते आणि मृत्यूही येऊ शकतो. पाकिटावर मोठ्या अक्षरांत वार लिहून ठेवावा: 'फक्त सोमवारी'.

गुटखा, मावा, तंबाखू आणि मिस्री यांमुळे तोंडाचा कॅन्सर सुरतेत आणि खानदेशात दोन्हीकडे ओळखीचा आहे, म्हणून याच औषधाबद्दल आणखी एक माहिती इथे द्यायला हवी. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 2020 मध्ये 422 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला किंवा उलटलेला होता. एका गटाला शिरेतून सिस्प्लॅटिन दिलं, दुसऱ्याला आठवड्याला मेथोट्रेक्सेटच्या आणि रोज सेलेकॉक्सिबच्या गोळ्या. दोन्ही औषधं जुनी आणि स्वस्त. आयुर्मानाचा मध्यक सिस्प्लॅटिनच्या गटात 6.1 महिने निघाला, गोळ्यांच्या गटात 7.5 महिने, आणि तीव्र त्रासही गोळ्यांनी कमी झाला. अशा अवस्थेतल्या आजारासाठी कर्ज काढून महागडं औषध आणण्याआधी हा पर्याय आपल्या रुग्णाला लागू पडतो का, असं डॉक्टरांना सरळ विचारावं. विचारण्यात अनादर नाही.

सिस्प्लॅटिन आणि सायक्लोफॉस्फामाइड डीएनएला जाऊन चिकटतात आणि त्याचे धागे जखडून टाकतात. सायक्लोफॉस्फामाइडचं मूळ कुळ युद्धातल्या मोहरी वायूपर्यंत जातं. त्या वायूनं सैनिकांच्या पांढऱ्या पेशी घटतात हे कळल्यावर 1940 च्या दशकात त्याच्या नातलग रसायनाचा प्रयोग लिम्फोमावर झाला. सिस्प्लॅटिन 1960 च्या दशकात मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग यांना जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासताना अनपेक्षितपणे सापडलं. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून निघालेल्या संयुगांनी जिवाणूंचं विभाजन थांबवलं होतं. दोन्ही औषधं लघवीवाटे बाहेर पडतात आणि जाताना इजा करू शकतात, सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना आणि कानांना, सायक्लोफॉस्फामाइड मूत्राशयाला. म्हणून सिस्प्लॅटिनच्या आधी-नंतर सलाईन चढवतात आणि घरी भरपूर पाणी प्यायला सांगतात. सुरतेच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या रुग्णाला हे दुप्पट लागू. लघवी कमी झाली, त्यात रक्त दिसलं किंवा कानात सतत शिट्टी वाजू लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

सिस्प्लॅटिनचंच भावंड असलेलं ऑक्झालिप्लॅटिन मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये देतात. त्याची खोड निराळी आहे. ते दिल्यानंतर काही दिवस थंड वस्तूला हात लावला तरी बोटांत झिणझिण्या येतात आणि थंड पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा होतो. फ्रीजचं पाणी, बर्फाचा गोळा, आइस्क्रीम तेवढे दिवस बंद. ज्या घराला हे आधी ठाऊक नसतं, ते या त्रासानं घाबरून जातं.

लाल रंगाचं औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. रुग्ण त्याला 'लाल केमो'च म्हणतात. इटलीतल्या एका जुन्या किल्ल्याच्या परिसरातल्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवाच्या वंशातून ते आलं. ते डीएनएच्या पिळात शिरतं आणि पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. दिल्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. तो औषधाचा रंग आहे, रक्त नव्हे. काळजी दोन ठिकाणी घ्यायची. हे औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडी आणि आतला भाग जळतो, म्हणून सुई टोचलेल्या जागी जराही आग झाली, फुगवटा आला, तर लाज न धरता ओरडावं. अशा औषधांसाठी छातीत कातडीखाली बसवायचा पोर्ट किंवा दंडातून घातलेली लांब नळी हे चांगले पर्याय आहेत. दुसरी काळजी हृदयाची. डॉक्सोरुबिसिन आयुष्यभरात ठरावीक मर्यादेपर्यंतच देता येतं. शरीराच्या दर चौरस मीटरमागे साधारण 450 ते 550 मिलिग्रॅम. त्यापुढे हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्यानं वाढतो. म्हणून आधी हृदयाची टू-डी इको तपासणी करतात.

इथे स्थलांतरित कुटुंबांसाठी एक गोष्ट ठासून सांगायला हवी. केमोच्या पहिल्या दोन सायकल, म्हणजे फेऱ्या, सुरतेत, मग सासऱ्यांच्या आग्रहानं नाशिकला, मग मुंबईला, अशी फरपट झाली की नव्या डॉक्टरला आधी किती लाल औषध गेलंय हे कळायला फक्त जुनी फाईल असते. प्रत्येक सायकलचं डिस्चार्ज कार्ड जपा, मोबाइलमध्ये त्याचे फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी आजार परतला तरी तो कागद लागणार आहे.

वाणी आणि वॉल यांनी पॅक्लिटॅक्सेलच्या आधी, 1966 मध्ये, आणखी एक द्रव्य शोधलं होतं: कॅम्प्टोथेसिन. ते एका चिनी झाडातून काढलं. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही भरपूर असतं, आणि त्यापायी या झाडांची बेसुमार तोड झाली. 1970 च्या दशकात कॅम्प्टोथेसिनचा मूळ प्रकार रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव आणि अस्थिमज्जेची इतकी हानी झाली की चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन तयार झाल्यावरच ते वापरण्याजोगं झालं. इरिनोटेकॅननं जोराचे जुलाब होऊ शकतात. त्यावरची गोळी केव्हा आणि किती घ्यायची हे घरी जाण्याआधीच लिहून घ्यावं.

जो कुणी नरक्याच्या सालीचा काढा कॅन्सरवर म्हणून विकतो, तो रुग्णाच्या जिवाशी खेळतो. सदाफुलीचंही तेच. जमैकात मधुमेहावर वापरतात म्हणून तिची पानं 1950 च्या दशकात कॅनडात तपासली गेली. साखर उतरली नाही, पांढऱ्या पेशी उतरल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन मिळालं आणि पाठोपाठ व्हिनक्रिस्टिन. पण शेकडो किलो सुक्या पानांतून हे औषध ग्रॅमच्या हिशेबात निघतं, आणि डोस मिलिग्रॅममध्ये मोजतात. अंगणातल्या पानांच्या रसात किती काय आहे, हे मोजायची सोय कुणाकडेच नाही. केमो चालू असताना कोणताही काढा, भस्म किंवा मोबाइलवर आलेला घरगुती उपाय डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. यकृत आधीच औषधांच्या निचऱ्यात गुंतलेलं असतं.

केमो तीन आठवड्यांनीच का देतात, असं घरची मंडळी विचारतात. औषधानं अस्थिमज्जेचं काम मंदावतं, पण रक्तात आधीच असलेल्या पेशी थोडे दिवस पुरतात. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिलचं आयुष्य सगळ्यांत कमी, प्लेटलेटचं आठ-दहा दिवसांचं, लाल पेशीचं सुमारे 120 दिवसांचं. त्यामुळे अनेक औषधांत पांढऱ्या पेशींचा तळ साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी लागतो. मग मज्जा सावरते आणि 21 व्या दिवसापर्यंत काउंट पुन्हा पुढचा डोस सोसण्याइतके होतात. काही औषधं कमी मात्रेत दर आठवड्यालाही देतात. प्रत्येक वेळी रक्ताची तपासणी याच कारणासाठी असते, आणि वजनही दर वेळी करावं, कारण डोस उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो. काउंट कमी म्हणून केमो आठवडाभर पुढे गेली तर तो उपचारातला बिघाड मानू नये.

गाठ दिसेनाशी झाल्यावर केमो मध्येच सोडणं हा मात्र खरा बिघाड. साधारण एक ग्रॅम वजनाच्या गाठीत 100 कोटींच्या आसपास पेशी असतात असं मानतात. त्यांतल्या 99.9 टक्के मेल्या तरी 10 लाख उरतात, आणि त्या ना हाताला लागतात, ना स्कॅनमध्ये दिसतात. प्रत्येक सायकल उरलेल्यांतला काही हिस्सा मारते. मधल्या काळात काही पेशी पुन्हा वाढतात. म्हणून सायकलींची संख्या आधी ठरवलेली असते. आपली केमो कशासाठी आहे, हेही पहिल्याच भेटीत विचारावं. शस्त्रक्रियेआधी गाठ लहान करायला, नंतर उरलेल्या पेशी मारायला, रेडिएशनचा जोर वाढवायला, की आजार आटोक्यात ठेवून त्रास कमी करायला? उत्तर कठीण असलं तरी खर्चाचे आणि सुट्टीचे निर्णय त्यावरच घ्यायचे असतात. रुग्ण तरुण असेल तर मूल होण्याबद्दलचा प्रश्न पहिल्या डोसआधी विचारावा. वीर्य किंवा बीजांड साठवून ठेवायची सोय असते, आणि ती आधीच करावी लागते.

आता ताप. हा परिच्छेद भिंतीवर लावावा. केमोवरच्या रुग्णाचा ताप 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस, झाला की ती आणीबाणी समजावी. घरात थर्मामीटर हवाच. पावसाळ्यात सुरतेत मलेरिया-डेंग्यू पसरतात, त्यामुळे तापाला 'मलेरिया असेल' म्हणून गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन इंजेक्शन मारून आणलं जातं, क्रोसिन देऊन सकाळ होऊ दिली जाते. पांढऱ्या पेशी तळाला असताना साधा जंतू काही तासांत रक्तात पसरतो. क्रोसिननं आकडा उतरतो, जंतू मरत नाही. अशा रुग्णाला रुग्णालयात पोहोचताच तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळायला हवं. दारात पहिलं वाक्य हेच असावं: "केमो चालू आहे, अमुक तारखेला अमुक औषध दिलं, आता ताप आहे." थंडी वाजून येणं, दम लागणं, हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारं रक्त, दिवसात चार-पाचपेक्षा जास्त जुलाब, पाणीही न टिकणारी उलटी, यांनाही हाच नियम. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते मेडिकलमधून बर्फाच्या पिशवीत आणावं, फ्रीजमध्ये ठेवावं, पण फ्रीजरमध्ये गोठवू नये.

खाण्याबाबत घरोघरी चुकीची बंदी घातली जाते. गोडानं कॅन्सर वाढतो म्हणून दूध, फळं, भातही बंद होतात आणि माणूस काडीसारखा होतो. रुग्णाला प्रथिनं हवीत. डाळ, अंडी, दूध, ताजं घरचं दही, खात असतील त्यांना नीट शिजवलेलं चिकन. तोंड आलं असेल तर ठेचा, शेवभाजी बाजूला ठेवून मऊ मुगाची खिचडी किंवा दुधात कुस्करलेली भाकरी चालते. कोमट मीठ-सोड्याच्या पाण्यानं दिवसात चार-पाच वेळा चुळा, मऊ ब्रश. बाहेरची कच्ची चटणी, कापून ठेवलेली फळं, बर्फ घातलेला उसाचा रस काउंट उतरलेले असताना नको. तंबाखू आणि मिस्री तर आजच बंद. उलटीच्या गोळ्या उलटी झाल्यावर घ्यायच्या नसतात, सांगितलेल्या वेळेलाच घ्यायच्या. केमोनंतर दोन दिवस रुग्णाची लघवी, उलटी साफ करताना हातमोजे घालावेत आणि संडासात झाकण लावून दोनदा पाणी सोडावं. रुग्णाजवळ बसणं, जेवणं, नातवाला मांडीवर घेणं यात धोका नाही, नातवाला सर्दी-ताप नसला म्हणजे झालं.

केस सगळ्याच औषधांनी जात नाहीत. डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेलनं साधारण दोन-तीन आठवड्यांत जातात, सिस्प्लॅटिन किंवा 5-एफयूनं अनेकदा नुसते विरळ होतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात.

पैशांचं गणित आधीच मांडावं. गुजरातमध्ये प्रधानमंत्री जनआरोग्य योजना राज्याच्या 'मा' योजनेशी जोडलेली आहे आणि 2023 पासून तिथे कुटुंबाला वर्षाला 10 लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण ज्यांचं रेशनकार्ड अजून धुळ्याचं किंवा जळगावचं आहे, त्यांनी आपलं कार्ड कुठलं आणि ते सुरतेत चालतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्य मित्राकडून पहिल्याच दिवशी तपासून घ्यावं. केंद्राच्या यादीतलं कार्ड देशभर चालतं, निव्वळ राज्याच्या योजनेतलं नेहमी चालतंच असं नाही. ईएसआयचे पैसे पगारातून कापले जात असतील तर उपचाराबरोबरच, सेवेच्या आणि वर्गणीच्या अटी पुऱ्या होत असल्यास, कॅन्सरसाठी दोन वर्षांपर्यंत 80 टक्के वेतनाचा दीर्घ आजारभत्ताही मिळतो. तो मागावा लागतो. मुंबईला टाटामध्ये किंवा अहमदाबादला गुजरात कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये जायचं असेल, तर ठरलेल्या नमुन्यातल्या डॉक्टरांच्या दाखल्यावर कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या माणसाला 75 टक्के सवलत आहे.

पुढच्या तारखेला जाताना घरातल्या कुणी तरी एकानं एक वही घेऊन जावं. सुरतेतले डॉक्टर गुजराती-हिंदीत बोलतील. त्यांच्याकडून औषधांची नावं हळू उच्चारून घ्यावीत आणि मराठीत लिहावीत. प्रत्येक नावापुढे तारीख, एकूण किती सायकल, कोणता त्रास झाला तर थांबायचं नाही, आणि रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा. त्या नंबरवर कुणी उचललं नाही तर 108.